इंग्रजींत परवानगी कशी मागावी व कशी द्यावी

सकाळची प्रार्थना आटोपून पहिला तास सुरू झाला, म्हणजे वर्गावर्गाच्या दारांतून ‘मेकमिन्सर’ असा एक शब्द कानीं पडूं लागतो. हा शब्द कोणत्याही कोशांत सांपडावयाचा नाहीं. उशिरा आलेला विद्यार्थी एक पाय उंबरठ्याच्या आंत टाकून तो उच्चारतो, आणि शिक्षकांचें उत्तर येण्यापूर्वींच दुसराही पाय आंत घेऊन आपल्या बाकाकडे चालूं लागतो. वास्तविक पाहतां हा एक शब्द नसून पांच शब्दांचें पूर्ण वाक्य आहे: ‘मे आय कम इन, सर?’ त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह आहे, आणि प्रश्न विचारला म्हणजे उत्तराची वाट पाहणें ओघानेंच आलें. परंतु लहानपणीं एका श्वासांत पाठ केलेलें वाक्य मोठेपणींही एका श्वासांतच बाहेर पडतें, आणि आपण कांहीं मागत आहों याचें बोलणाऱ्यास भानही राहत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत ह्या लहानशा विषयाचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण इंग्रजी बोलतांना आपल्या मुलांवर उद्धटपणाचा जो आरोप येतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां उद्धटपणा नसून एखादें चुकीचें क्रियापद असतें.

प्रथम आपली मराठीच पाहूं. मराठींत परवानगी मागण्यास वेगळा शब्द योजावा लागत नाहीं. ‘येऊं का?’, ‘बसूं?’, ‘दिवा मालवूं का?’ एवढें म्हटलें कीं झालें. क्रियापदाच्या शेवटच्या ‘ऊं’ मध्येंच विनंति सामावलेली असते. आदर दाखवावयाचा तर त्याचीही सोय आहे. आईला ‘तूं’, शेजारच्या काकांना ‘तुम्ही’, हेडमास्तरांना ‘आपण’. आणि ‘दे’ च्या ऐवजीं ‘द्या’ किंवा ‘द्यावें’. इंग्रजींत यांपैकीं कांहीं नाहीं. तेथें हेडमास्तरांना ‘यू’ आणि धाकट्या भावालाही ‘यू’. मग इंग्रज मनुष्य आपला आदर ठेवतो कोठें? तो ठेवतो साहाय्यकारी क्रियापदांत व वाक्याच्या घडणींत.

ही गोष्ट ध्यानांत न घेतां भाषांतर केलें म्हणजे काय होतें, तें पाहा. ‘सर, मला जाऊं द्या’ हें मराठी वाक्य नम्र आहे. विद्यार्थी त्याचें शब्दशः इंग्रजी करतो: ‘सर, लेट मी गो.’ व्याकरणांत चूक नाहीं. पण इंग्रज कानाला हें वाक्य, कोणीं मनगट धरून ठेविलेल्या माणसाच्या ओरडण्यासारखें लागतें. ‘द्या’ ह्या शब्दांतला आदर ‘लेट’ मध्यें उतरलाच नाहीं, वाटेंत गळून पडला. मागें राहिली ती नुसती आज्ञा. तिला ‘प्लीज’ जोडलें तर ती थोडी मऊ होते, पण तिचें आज्ञापण जात नाहीं. ‘गिव्ह मी युवर पेन’ ची गोष्ट तीच. आज्ञार्थ सोडून प्रश्नाकडे वळणें, ही इंग्रजींत परवानगी मागण्याची पहिली पायरी होय: ‘मे आय गो, सर?’, ‘कुड आय बॉरो युवर पेन?’

आतां ‘कॅन आय’, ‘मे आय’ व ‘कुड आय’ यांपैकीं कोणतें निवडावें? जुन्या पिढींतल्या शिक्षकांची यावर एक ठराविक कोटी असे. विद्यार्थ्यानें ‘कॅन आय गो आउट?’ असें विचारलें कीं ते म्हणावयाचे, ‘तुला पाय आहेत, तेव्हां जातां येईलच, परवानगी आहे कीं नाहीं हा प्रश्न वेगळा!’ ‘कॅन’ म्हणजे शक्ति व ‘मे’ म्हणजे परवानगी, असा त्यांचा नियम. आमच्या मतें हा नियम इतका कडक नाहीं. ‘मे’ ह्या क्रियापदाचा जुन्या इंग्रजींतला अर्थ ‘समर्थ असणें’ असाच होता. बळ या अर्थाचें ‘माइट’ हें नाम त्याच कुळांतलें आहे. ‘कॅन’ चा मूळ अर्थ तर ‘जाणणें’ असा आहे. म्हणजे शक्तीकडून परवानगीकडे जो प्रवास ‘मे’ नें शेंकडों वर्षांपूर्वीं केला, तोच ‘कॅन’ नें मागाहून केला, एवढाच भेद. आज इंग्लंडांत व अमेरिकेंत घरांत, दुकानांत व मित्रामित्रांत ‘कॅन आय’ सर्रास चालतें आणि त्यांत कोणी असभ्यपणा मानीत नाहीं. तथापि वर्गाच्या दाराशीं, परीक्षेच्या खोलींत, अनोळखी वडील माणसापुढें आणि अर्जांत ‘मे’ च शोभतें. धाकट्या बहिणीची पेन्सिल घेतांना ‘कॅन’ पुरे. हेडमास्तरांच्या टेबलावरचें फाउंटन पेन उचलतांना ‘मे’.

‘कुड’ पाशीं मात्र विद्यार्थी अडखळतात. हें ‘कॅन’ चें भूतकाळी रूप, आणि पेन तर आतांच हवें आहे. मग भूतकाळ कां? याचें उत्तर मराठी मुलाच्या जिभेवर आधींपासूनच असतें, पण तें त्याला ठाऊक नसतें. शेजारीं कांहीं मागावयास गेलों म्हणजे आपण काय म्हणतों? ‘काकू, थोडें विरजण हवें होतें.’ विरजण आतांच हवें आहे. पण ‘हवें आहे’ म्हटलें तर मागणी अंगावर येते, म्हणून ‘होतें’ चा आडपडदा लावून आपण दोन पावलें मागें सरतों. ‘एक विचारायचें होतें’, ‘आपल्याकडे जरा काम होतें’, हीं वाक्यें याच जातीचीं. ‘कुड आय’ मधला ‘कुड’ म्हणजे आपलें हें ‘होतें’ च. एवढी खूण पटली म्हणजे ‘वुड’ व ‘माइट’ यांचाही उलगडा होतो. त्यांतलें ‘माइट आय’ फारच औपचारिक आहे. विद्यार्थ्यानें तें ओळखावें, वापरण्याची घाई करूं नये. जातां जातां स्पेलिंगविषयींही एक गोष्ट सांगून ठेवतों. ‘कुड’ मधलें ‘एल’ हें अक्षर उच्चारावयाचें तर नसतेंच, पण तें मूळचेंही नव्हे. ‘शुड’ व ‘वुड’ यांच्या संगतीनें तें मागाहून आंत शिरलें आहे.

येथें एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानानें १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची एक आटोपशीर इंग्रजी प्रसिद्ध केली. तींत एकंदर ८५० शब्द होते, आणि त्यांत क्रियापदें अवघीं १८. त्या १८ क्रियापदांत ‘मे’ आहे, ‘लेट’ आहे. ‘कॅन’ मात्र नाहीं. शब्दांची इतकी काटकसर करणाऱ्या ऑग्डेननेंही ‘प्लीज’ ला आपल्या घरांत जागा दिली, हें विशेष. विन्स्टन चर्चिल यांनीं १९४३ सालीं ह्या योजनेचा पुरस्कार केला होता, पण पुढें ती मागें पडली. एवढ्याशा शब्दांवर सारी भाषा चालेल कीं नाहीं याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण ‘मे’, ‘प्लीज’, ‘येस’ आणि ‘नो’ एवढ्या भांडवलावर परवानगीचा पुष्कळसा व्यवहार सभ्यपणें पार पडतो, असा आमचा अनुभव आहे. नवशिक्यानें यापुढें जाण्याची उतावीळ करूं नये.

मागण्याविषयीं इतकें झालें. देण्याविषयीं आपलीं व्याकरणाचीं पुस्तकें फारसें बोलत नाहींत, आणि खरी अडचण तेथेंच आहे. ज्या क्रियापदानें प्रश्न विचारला त्याच क्रियापदानें उत्तर द्यावयाचें, ही सवय आपल्याला शाळेंतच लागते. ‘इज ही?’ ‘येस, ही इज.’ ‘डू यू?’ ‘येस, आय डू.’ ह्याच वळणावर, ‘कुड आय यूज युवर फोन?’ असें कोणीं विचारलें तर मुलें ‘येस, यू कुड’ म्हणून मोकळीं होतात. हें उत्तर चुकीचें आहे. मागणारा मागें सरतो तो नम्रतेनें. देणाराही मागें सरला तर तो संकोच ठरतो. जणूं ‘वापरतां आला असता, पण…’ असें कांहीं त्याच्या मनांत आहे. ‘काकू, विरजण हवें होतें’ याला ‘दिलें असतें’ असें उत्तर कोणत्याही काकू देत नाहींत! त्या म्हणतात, ‘घे कीं.’ इंग्रजींतही तसेंच आहे: ‘येस, ऑफ कोर्स’, ‘सर्टन्ली’, ‘येस, यू कॅन’, ‘गो अहेड’. मागणाऱ्यानें दोन पावलें मागें राहावें आणि देणाऱ्यानें दोन पावलें पुढें यावें.

‘येस, यू मे’ ह्या उत्तराची गोष्ट निराळी. तें व्याकरणाला धरून आहे, पण उंच आसनावरून दिल्यासारखें वाटतें. एका बक्षीससमारंभांत आम्हीं पाहिलें आहे. एक वयोवृद्ध पाहुण्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून स्वयंसेवक मुलाला म्हणाल्या, ‘मे आय सिट हिअर?’ मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, ‘येस, यू मे.’ बाई हंसल्या आणि बसल्या. मुलाच्या मनांत आदरच होता. पण त्याचें उत्तर न्यायाधीशाच्या किंवा हेडमास्तरांच्या तोंडीं शोभणारें होतें. ज्याला परवानगी देण्याचा खरोखर अधिकार आहे, त्यानें ‘यू मे’ म्हणावें. वडील माणसानें विचारलें असतां आपण कांहीं देत आहों असा आव न आणतां ‘प्लीज डू’ किंवा ‘ऑफ कोर्स, मॅडम’ म्हणून खुर्ची पुढें करावी.

याहूनही घोटाळ्याची जागा म्हणजे ‘माइंड’ हें क्रियापद. आगगाडींत शेजारचा प्रवासी विचारतो, ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ खिडकी उघडलेली आपल्याला हवीच असते, म्हणून आपण उत्साहानें ‘येस!’ म्हणतों, आणि तो बिचारा हात मागें घेतो. कारण ‘माइंड’ म्हणजे हरकत असणें. ‘आपली कांहीं हरकत आहे का?’ असें मराठींत विचारलें तर आपण ‘हो’ म्हणतों का? ‘छे, छे, मुळींच नाहीं’ असेंच म्हणतों. तेव्हां ‘माइंड’ कानावर पडतांच मनांत ‘हरकत’ हा शब्द आणावा. बरोबर उत्तर आपोआप तोंडांत येईल: ‘नो, नॉट ॲट ऑल.’ इंग्रज लोकही बोलण्याच्या ओघांत कधीं ‘शुअर’ म्हणून जातात, परंतु त्या वेळीं त्यांचा स्वर व चेहरा अर्थ सांगत असतो; शिकणाऱ्यानें त्या वाटेला न जाणें बरें. प्रश्नांत ‘डू’ च्या जागीं ‘वुड’ आला तर पुढचें क्रियापदही भूतकाळी होतें: ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ येथेंही तींच दोन पावलें मागें. आणखी एक बारकावा आहे. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी तुम्ही उघडाल का?’ आणि ‘वुड यू माइंड माय ओपनिंग द विंडो?’ म्हणजे ‘मी उघडूं का?’ एवढ्याशा ‘माय’ नें काम एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जातें. पहिल्या प्रश्नाला ‘नॉट ॲट ऑल’ असें उत्तर देऊन जो जागेवर स्वस्थ बसून राहील, त्याच्याविषयीं सहप्रवाशांचें काय मत होईल तें सांगावयास नको.

परवानगी नाकारण्याचा प्रसंगही येतोच. ‘नो, यू कान्ट’ किंवा ‘यू मे नॉट’ हीं उत्तरें पाटीवरच्या नियमाला शोभतात, माणसाच्या तोंडीं कठोर वाटतात. सौम्य रीत म्हणजे ‘आय ॲम अफ्रेड नॉट.’ येथें कोणी कोणास भीत नसतें. ‘अफ्रेड’ चा अर्थ येथें ‘दिलगीर आहें’ एवढाच. त्यापुढें एका वाक्याचें कारण द्यावें: ‘आय ॲम सॉरी, आय नीड इट मायसेल्फ.’ आपल्याकडे उघड नकार जड वाटतो, म्हणून ‘बघूं’, ‘मग पाहूं’ असें म्हणण्याची चाल आहे, आणि मराठी माणूस त्यांतला नकार बरोबर ओळखतो. त्याचें इंग्रजी करून ‘वुई शॅल सी’ म्हणाल, तर ऐकणारा दुसऱ्या दिवशीं खरोखरच विचारावयास येईल! शिक्षकांनींही नुसतें ‘नो’ म्हणण्यापेक्षां ‘नॉट नाऊ; आफ्टर द लेसन, प्लीज’ असें म्हणावें. वेळ सांगितली म्हणजे मूल धीर धरतें.

मिळालेली परवानगी घरीं सांगतांना दोन चुका होतात, त्या थोडक्यांत पाहूं. ‘सर अलाउड मी टू गो’ यांत ‘टू’ लागतो; ‘सर लेट मी गो’ यांत तो लागत नाहीं. आणि काल एकदां मिळालेल्या परवानगीबद्दल बोलतांना ‘आय कुड गो’ न म्हणतां ‘आय वॉज अलाउड टू गो’ म्हणावें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ‘येऊं देणें’ या अर्थी ‘सफर’ हें क्रियापद आढळतें, आणि आमचे विद्यार्थी त्याचा अर्थ दुःख सोसणें असा करून गोंधळतात. तो वापर आतां बोलण्यांत राहिलेला नाहीं.

आतां शिक्षक व पालक यांच्याशीं दोन शब्द. परवानगी इंग्रजींतच मागितली पाहिजे, असा कित्येक शाळांत दंडक असतो. हेतु चांगला आहे. रोजच्या गरजेनें भाषा लवकर येते. पण एका गांवच्या शाळेंत पाहिलेला पांचवीचा एक मुलगा आम्हांस विसरतां येत नाहीं. तो मराठी शाळेंतून नुकताच आलेला होता. अंगांत ताप असतां दोन तास तो बाकावर डोकें टेकून बसला होता. जवळ घेऊन विचारल्यावर कळलें, कीं घरीं जाण्याची परवानगी मागण्याचें वाक्य त्याला इंग्रजींत जुळवितां येईना, आणि मराठींत बोललें तर दंड होईल या भीतीनें त्यानें तोंडच उघडलें नाहीं. असें एखादें मूल बहुतेक वर्गांत असतें. कोणी तहान दाबतें, कोणी त्याहून लाजिरवाणी अडचण सोसतें, आणि आपण समजतों कीं मूल शांत आहे. याबाबत आमचें मत स्पष्ट आहे. तहान, ताप आणि शौच यांसाठीं परवानगी ज्या भाषेंत येईल त्या भाषेंत मागूं द्यावी व ती तत्काळ द्यावी. वाक्य मागाहून शिकवावें. मूल बरें होऊन परत आल्यावर ‘सर, आय हॅव अ फीव्हर. मे आय गो होम?’ हें त्याच्याकडून तीनदां म्हणवून घ्यावें. पुढच्या खेपेस तें आपण होऊन म्हणेल. पालकांना इंग्रजी येत नसलें तरीही करण्यासारखें आहे. मूल जें इंग्रजी वाक्य म्हणतें त्याचा मराठी अर्थ त्याला विचारावा. ‘मेकमिन्सर’ चे पांच शब्द सुटे करून सांगतां आले, तर तें वाक्य त्याचें झालें असें समजावें.

राहिली लेखी परवानगी, म्हणजे रजेचा अर्ज. ‘रजा’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ संमति असा आहे. इंग्रजी ‘लीव्ह’ हें नामही मूळचें ‘परवानगी’ याच अर्थाचें. दोन्ही भाषांत परवानगीचा शब्द सरकत सरकत सुटीपर्यंत आला, हा योग मौजेचा आहे. परंतु त्यामुळें अर्ज लिहिणारे मूळ अर्थ विसरतात. ‘आय विल नॉट कम टुमॉरो’ असें आधीं जाहीर करून मग ‘ग्रँट मी लीव्ह’ म्हणणें, म्हणजे खोलींत येऊन बसल्यावर ‘येऊं का?’ असें विचारण्यासारखें आहे. दुसऱ्या टोकाला ‘आय बेग टू स्टेट’ पासून ‘युवर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट’ पर्यंतची जुन्या कचेऱ्यांतली भरजरी भाषा आहे. तिची आज गरज नाहीं. ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज’ हें वाक्य पुरेसें आदराचें आहे. त्यांतला ‘वुड’ मागें सांगितलेलें काम चोख करतो.

अर्जाचा नमुना मात्र पाठ करूं नये. नमुन्यांत बहुधा ताप असतो, म्हणून कित्येक विद्यार्थी बहिणीच्या लग्नासाठीं रजा मागतांनाही ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’ असेंच लिहितात, आणि चौथ्या दिवशीं लग्नाचे लाडू घेऊन वर्गांत हजर होतात. लग्न असेल तर लग्न लिहावें: ‘माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड ऑन फ्रायडे. मे आय हॅव लीव्ह ऑन थर्सडे अँड फ्रायडे, प्लीज?’ अर्ज दोन ओळींचा आहे, कारण खरें आहे, आणि प्रश्नचिन्हही जागच्या जागीं आहे. लाडू आणल्यास आमची हरकत नाहीं.